दोन वॉशर आणि फियाटचे स्टिअरिंग

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांसाठी रविवारच्या पुरवणीत आलेला मजकूर वाचला. चांगला होता. एक वाक्य मात्र खटकले: ‘स्टिअरिंग उंच वाटत असल्यास डॅशबोर्डखालच्या ब्रॅकेटला दोन वॉशर घालून ते खाली घेता येते.’ येते, खोटे नाही. पण त्याआधी काय करायचे ते लिहायचे राहिले. नेमके तेच न केल्यामुळे गेल्या पावसाळ्यात मी जालना रोडवर दुभाजकाला भिडता भिडता वाचलो.

मी एसटीच्या चिकलठाणा कार्यशाळेत 31 वर्षे फिटर होतो. घरी 1986 ची प्रीमियर पद्मिनी आहे. मागे काहीही लिहिलेले असो, आमच्याकडे तिला फियाटच म्हणतात. गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यापासून क्लच दाबायला पाय उचलला की मांडी स्टिअरिंगला घासायची, म्हणून कॉलम, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा, थोडा वर घ्यायचा होता. मला गाडीखाली जाणे शक्य नव्हते, गाडी एका मिस्त्रीकडे दिली. पोरगा हुशार, पण हात नव्या गाड्यांवर बसलेला. त्या गाड्यांना सीटशेजारी बसून एक खटका ओढला की स्टिअरिंग वर-खाली होते. “काका, काही होत नाही, अर्ध्या तासात देतो,” म्हणाला. ब्रॅकेटमध्ये पूर्वी कुणीतरी घातलेली पट्टी त्याने काढली. तरी भागेना, तेव्हा पहारीने कॉलम खालून उचलून धरला आणि बोल्ट आवळून टाकले.

स्टिअरिंग वर आले. पण पुढच्याच वळणावर हात सैल केला तर ते सरळ व्हायला तयार नाही, तिथेच बसून राहिले. रस्ता ओला, शेजारी ट्रक. बाकीचे सांगत नाही.

फियाटचा कॉलम म्हणजे वरपासून खालपर्यंत एक सलग दांडा. खाली स्टिअरिंग बॉक्स, म्हणजे दांड्याचे फिरणे चाकांकडे नेणारी गिअरची पेटी, वर डॅशखाली ब्रॅकेट. बॉक्स घट्ट ठेवून वरचे टोक हलवले तर दांडा वाकतो, डोळ्याला दिसणार नाही इतका. मग तो वरच्या बुशवर, म्हणजे ज्या कडीत तो फिरतो तिच्यावर, एका अंगाने घासतो, स्टिअरिंग जड होते, बुश खाल्ला जातो. गिअरचा दांडाही कॉलमला धरूनच खाली जातो, त्यामुळे माझा रिव्हर्स लागेनासा झाला होता तो वेगळाच. (अँबेसिडरला बॉक्स नसून रॅक, म्हणजे दातेरी पट्टी आहे, तिचे गणित वेगळे.)

नंतर पुतण्याला गाडीखाली घातले आणि मी खुर्ची टाकून बाजूला बसलो. आधी बॉक्सचे बोल्ट अर्धा-अर्धा फेरा ढिले केले, मग ब्रॅकेटचे. कॉलम सोडताच तो जागेवरून ‘टक्’ असा आवाज करून हलला. इतके दिवस तो ताणलेलाच होता! हव्या उंचीवर हाताने धरून आधी ब्रॅकेट हलके लावले, मग बॉक्स, आणि शेवटी दोन्ही पक्के आवळले. पुढची दोन्ही चाके जॅकवर उचलून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत एका बोटाने फिरवून पाहिले. कुठेही अडले नाही, तेव्हाच चाके खाली टेकवली. गिअरचा दांडाही नव्याने जुळवून घेतला.

एवढे करून किती मिळाले? ब्रॅकेटपाशी दोन सूत (पाव इंच), म्हणजे हातापाशी जेमतेम तीन सूत. मांडी अजून लागतच होती. तेव्हा बायकोने विचारले, “सीट कधी भरून घेतली होती?” चार वर्षांपूर्वी गादीवाल्याने बाकाच्या सीटमध्ये दोन इंच जादा फोम कोंबला होता. त्यातला एक इंच काढला आणि प्रश्न मिटला. आधी सीट बघितली असती तर कॉलमला हात लावायचीच गरज नव्हती.

आणखी एक. काही जण कॉलम कापून मध्ये तुकडा वेल्ड करून घेतात. तसे कृपया कुणी करू नये. या गाड्यांचा कॉलम धडकेत दबून आत जाणारा नाही. जनरल मोटर्सने तसे कॉलम अमेरिकेत 1967 च्या मॉडेलपासून दिले, आपल्या फियाटच्या नशिबी ते नव्हते. वेल्ड तुटला तर हातात नुसते चाक राहील, आणि टिकला तरी दांडा छातीसमोरच आहे. शिवाय 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांवरील गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी हवी असेल, तर ती मूळ रूपात असावी लागते. माझी 2036 मध्ये त्या वयाची होईल. तोवर मी गाडी चालवत असेन की नाही कोण जाणे, पण पुतण्याचा डोळा आहे तिच्यावर.

पुढच्या रविवारी त्या मजकुराची दुरुस्ती छापावी ही विनंती. ‘वॉशर घालण्याआधी बॉक्स ढिला करा’ एवढे पाच शब्द पुरेत.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त एसटी फिटर, छत्रपती संभाजीनगर