बाबांची लोखंडी पेटी भंगारात देऊ नका

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा आई फोनवर म्हणाली की माळा आवरायला काढलाय आणि बाबांची लोखंडी पेटी भंगारवाल्याला द्यायचं चाललंय. तेव्हा घाईत नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. पेटी देऊ नका. निदान मला हवंय ते तिच्यातून निघेपर्यंत तरी.

बाबा, मी भोसरीहून एक जुनं डिव्हायडिंग हेड आणलंय, वजनावर. (आई, म्हणजे गिअरचे दात सारख्या अंतरावर कापता यावेत म्हणून तुकडा मोजून फिरवणारं यंत्र.) वजनावर म्हटल्यावर अवस्था तुमच्या लक्षात आलीच असेल. वर गंज, दांड्याची मूठ गायब, तळाच्या बिडात कुणीतरी आरपार ड्रिल घातलेलं. दांडा बराच फिरवावा तेव्हा कुठे स्पिंडल, म्हणजे तुकडा धरणारा आस, हलतो. पण पैसे देण्याआधी दुकानातच झाकण उघडून वर्मचं, म्हणजे दांड्यानं फिरणाऱ्या मळसूत्राचं, दात्यांचं चाक पाहिलं. दात झिजून टोकदार झालेले असते किंवा बीड तडकलेलं असतं, तर फुकट दिलं तरी उचललं नसतं. खरं तर मला भीती वाटते ती रंग मारून चकाचक केलेल्या मालाची. रंगाखाली पुट्टी भरून भेग बुजवलेली असली तर कळणार कसं?

आई, गंजाला तुझा धुण्याचा सोडा लागला. सोड्याच्या पाण्यात गंजका भाग सोडायचा, बॅटरी चार्जरची ऋण तार त्याला जोडायची, धन तार भंगारातल्या पत्र्याला, आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी गंजाचा काळा गाळ होतो, तो ब्रशनं निघतो. ॲसिडसारखं चांगलं लोखंड खाल्लं जात नाही. काळजी करू नकोस, यातून हायड्रोजन सुटतो म्हणून टब मागच्या अंगणात असतो. पत्र्याच्या जागी स्टेनलेस तर कधीच लावत नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. वर्मचं गनमेटलचं (पितळेसारख्या धातूचं) चाक मात्र रॉकेलनंच धुतलं.

खरा वेळ खाल्ला तो वर्मनं. वर्म ज्या बुशात, म्हणजे गोल नळीत, बसतो त्याचं भोक मुद्दाम मध्य सोडून केलेलं आहे. बुश जरा फिरवला की वर्म चाकाकडे सरकतो आणि ढिलाई कमी होते. पण जुनं ग्रीस दगडासारखं झालं होतं, बुश हलेचना. हीटगननं शेकून सोडवला. मग अगदी थोडा फिरवायचा आणि दर वेळी दांड्याचे पूर्ण ४० फेरे मारून बघायचं, म्हणजे स्पिंडलचा एक फेरा होतो. चाकाचा जो भाग जास्त वापरलेला, तिथे ते जास्त झिजलंय. तिथलं ढिलं बघून आवळलं तर दुसऱ्या बाजूला जाम होतं. शेवटी सर्वांत घट्ट जागी जेमतेम मोकळं फिरेल इतकंच ठेवलं. राहिलेल्या ढिलाईला तुमचा नियम आहेच: दांडा एकाच दिशेनं फिरवायचा, दांडा अडकवायच्या प्लेटवरचं ठरलेलं भोक चुकून ओलांडलं तर चांगलं मागे येऊन पुन्हा पुढे जायचं.

स्पिंडलच्या मोर्स टेपरमध्ये, म्हणजे आतल्या निमुळत्या भोकात, ओरखडे होते. रीमर हातानं, फक्त उठलेले कंगोरे जातील इतकाच फिरवला. खड्डे राहिलेत, राहू देत. खड्ड्यानं काम बिघडत नाही, उंचवट्यानं बिघडतं. तळाची भोकंही म्हणूनच तशीच ठेवली, कडा तेवढ्या ऑइलस्टोननं घासल्या आणि सरफेस प्लेटवर निळा रंग लावून टेकतंय कुठे ते पाहिलं. तुमच्या जावयांना ती भोकं फार खुपतात. मला नाही.

आता मुद्द्याचं. हेडबरोबर प्लेट, म्हणजे दांडा किती फिरवला ते मोजायची भोकांची चकती, एकही आली नाही. माझ्या लेथचं ४५ दातांचं चेंज गिअर तुटलंय, ते कापायचंय. ४० भागिले ४५ म्हणजे फेऱ्याचे ८/९, म्हणजे १८ भोकांच्या वर्तुळावर १६ भोकं. बाबा, तुमच्या पेटीत तेलकट कापडात गुंडाळलेल्या प्लेटा असायच्या. १८ किंवा २७ भोकांची सापडते का बघा. सापडली तर व्हर्नियरनं मधलं भोक मोजा, शिवाय स्क्रूची भोकं किती आणि एकमेकांपासून किती अंतरावर, तेही कळवा. मेक वेगळा असला तर बसणार नाही, पण मधलं भोक लहान असेल तर इथे मोठं करून घेईन.

आणखी एक. मशीन व्हाइस (तुकडा घट्ट धरायचा शिकंजा) पण घेतलाय. त्याचा जबडा जिथून सरकतो तिथेच कुणीतरी भोक पाडलंय. हे मात्र बुजवायलाच हवं, कीस त्यात अडकून जबड्याखाली जातो. तिथे बिडाचा प्लग ठोकून वरून सपाट करीन. उद्यमनगरातल्या तुमच्या ओळखीच्या फाउंड्रीत बारीक कणाच्या बिडाचा अंगठ्याएवढा तुकडा मिळाला तर घेऊन ठेवा.

हे सगळं पार्सलनं पाठवा, एसटीतून घेऊन येऊ नका. बाबांची कंबर आत्ताच बरी झालीय. आई, पेटी ते स्वतः माळ्यावरून उतरवायला लागले तर शेजारच्या मुलाला हाक मार.

तुमची लाडकी लेक