शेजारचं शटर भाड्यानं दिलं

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू बोलत असतानाच मी फोन ठेवून दिला, म्हणून हे लिहितोय. राग आला होता, खोटं कशाला बोलू. दोन वर्षं लातूरला खोली करून राहिलीस. दर रविवारी मी एसटीनं भाकरी अन् शेंगाची चटणी घेऊन यायचो. नीटला मार्कही पडले. अन् आता एमबीबीएस नको, संभाजीनगरला नाट्यशास्त्र शिकायचं, संगीत नाटक करायचं!

तुझं ते डॉ. लागूंचं उदाहरण मला पटलं नाही. ते आधी नाक-कान-घशाचे सर्जन झाले, प्रॅक्टिस केली, अन् १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर, पूर्णवेळ नाटकात आले. त्यांच्या हाती डिग्री होती. "हिच्याकडं काय आहे?" मी चिडून म्हणालो. तुझी आई भाकरी थापता थापता म्हणाली, "गळा."

मग मेडिकलच्या काउंटरवर बसून मोबाईलवर 'सौभद्र' बघितलं. १८८२ सालचं नाटक, माझ्या आज्याच्याही आधीचं. मला वाटायचं, गोड आवाज असला की झालं. पण ती बाई बोलता बोलता पद उचलते, फिरते, ताना घेते अन् लगेच पुढचं वाक्य बोलते, तरी दम लागत नाही. दोन गिऱ्हाइकं ताटकळली माझ्यापायी. लातूरला पहाटे चारला उठून बायोलॉजी घोकायचीस ना? आता त्याच वेळेला उठून खर्ज लाव. त्यात सूट नाही.

दुकानाशेजारचं शटर तुझ्या दवाखान्यासाठी सहा वर्षं रिकामं ठेवलं होतं. पेंटरनं बोर्डावर 'डॉ. कु.' एवढंच लिहून ठेवलेलं, बाकीचं डिग्री आल्यावर. सोमवारी ते शटर बी-बियाणेवाल्याला दिलं, महिना साडेतीन हजारानं. तुझ्या खोलीचं भाडं त्यातून निघेल, मेसचं मी बघतो. बोर्डही त्यानंच मागितला, मागच्या बाजूला सोयाबीन बियाण्याचे भाव लिहायला. देऊन टाकला.

आजोबांची भजनाची पेटी दुरुस्तीला टाकलीय. भाता फाटलाय अन् दोन सूर मुके झालेत. पेटीवाल्यानं विचारलं, "पोरगी कोणत्या पट्टीत गाते?" मला सांगता येईना. तुझा पर्सेंटाइल दशांशासकट पाठ आहे, अन् हे ठाऊक नाही.

तेवढं कळव. शनिवारी पेटी घेऊन येतो.

तुझा,
बाबा