सिरेनाच्या किनाऱ्यावरच्या मंडळींचे मनापासून आभार

कोस्टा रिकातल्या कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यानात ड्रेक बे या किनाऱ्यावरच्या गावाहून होडीने सिरेना या वनरक्षकांच्या ठाण्यावर जाता येतं. तिथे धक्काबिक्का काही नाही. लाट ओसरली की गुडघाभर पाण्यात उतरायचं. आईचा पाय नेमका तिथेच मुरगळला.

होडीवाल्या दादांनी आणि दुसऱ्या गटाच्या गाइडने हातांची खुर्ची करून तिला वाळूवर आणलं. एक डोळा सतत लाटेवर. गुडघ्याच्या उंचीची लाट दिसली की दोघं जागीच थांबत, ती पायांमधून जाऊ देत आणि मग पुढचं पाऊल. त्या गाइडची माणसं उन्हात ताटकळली, पण कुणाच्या कपाळावर आठी नाही. त्यांचेही आभार.

ठाण्यावर बाहेरचं खाणं न्यायला बंदी आहे (ती असायलाच हवी, जनावरांना चटक लागते). आई शुद्ध शाकाहारी. स्वयंपाकघरातल्या ताईंना हातवाऱ्यांनीच सगळं कळलं. तिच्यासाठी काळा घेवडा, भात आणि तळलेली पिकली केळी वेगळी काढून ठेवली. वर कापडात बर्फ बांधून पायाला लावायला दिला तो वेगळाच.

आणि आमचे गाइड! आईला चालवेना म्हणून त्यांनी दुर्बीण ओसरीसमोर आणून लावली. तिथूनच तिने लाल मकाव पोपटांची जोडी पाहिली.

नावं विचारायची राहिली. पाय आता ठणठणीत आहे, आईने आवर्जून कळवायला सांगितलंय.