म्हाळुंगवाल्या मामांना

मामा,

तुमचा जुना नंबर लागत नाही, म्हणून चारचौघांत लिहितेय. कुणीतरी वाचून दाखवीलच.

2017 साली तुमच्या सायकलवरनं मी कागदी लिंबाचं रोप मागितलं होतं. तुम्ही म्हणाला, "लिंबू सगळ्यांच्याच दारात हाय. ह्ये लावा, अंबाबाईच्या हातातलं फळ हाय." जन्म कोल्हापुरात गेला, पण देवीच्या खालच्या उजव्या हातात म्हाळुंग, म्हणजे लिंबाच्याच जातीचं जाड सालीचं मोठं फळ, असतं हे मला ठाऊक नव्हतं. वरच्या हातात गदा, डावीकडं ढाल आणि पानपात्र. साडी-दागिन्यांत दिसतंय कुठं! मी आपली हात जोडून पुढं सरकणारी.

2021 च्या जुलैत पंचगंगेचं पाणी परसात शिरलं आणि चार दिवस हललं नाही. पूर ओसरल्यावर बुंध्यातनं तांबूस डिंक गळायला लागला, पानं पिवळी. घरच्यांनी कुऱ्हाड काढलीच होती. तुम्ही आलात, बुंध्याला चिकटलेला गाळ हातानं ओढून काढलात आणि सडकी साल हिरवी लागेपर्यंत खरवडलीत. मग 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) एका प्लास्टिकच्या बादलीत, 100 ग्रॅम चुना दुसरीत, दोन्ही मिळून लिटरभर पाणी. एकत्र केल्यावर त्यात तुम्ही लोखंडी खिळा बुडवला. वर आला तो तांबडा होऊन. "चुना कमी पडला," म्हणत आणखी चिमूट टाकलीत, पुन्हा बुडवलात, खिळा होता तसाच राहिला. तेव्हा कुठं ब्रश हातात घेतलात. त्या खिळ्यासाठी तुमचे आभार, मामा. औषध सांगणारे पुष्कळ भेटले, ते बरोबर झालंय का हे बघणारे तुम्ही एकटेच.

गेल्या वर्षी नऊ फळं लागली. सर्वांत मोठं सव्वा किलोचं, अंगभर फोड आल्यासारखं. गल्लीत वाटली तर शेजारच्या आजी सुरी घेऊन दारात हजर. "अगं, ह्यात रस कुठाय? निस्ती सालच की!" मी ती पांढरी गादी पातळ कापून मीठ लावून त्यांच्या हातावर ठेवली. दोन फोडी खाल्ल्या, तिसरी मागितली, आणि उरलेल्याचा गुळातला मुरंबा करून अर्धी बरणी मलाच परत आणून दिली. समोरच्यांनी तर फळ खाल्लंच नाही, आठवडाभर देवघरात ठेवलं. घरभर वास सुटला होता म्हणे.

तुम्ही मात्र रोपाचे पैसे घेतले नाहीत, औषधाचेही नाहीत. चहासुद्धा उभ्यानंच प्यालात.

आता गल्लीतल्या तिघींना गुटी हवीय, म्हणजे फांदीची साल काढून झाडावरच मुळं फोडलेलं रोप. दोन फांद्यांवर मी करून बघितली, पण साल काढताना आतलं लाकूडच कापलं जातंय. पाऊस लागला की एकदा या. तुमच्या वाटणीचं फळ झाडावरच ठेवलंय, कुणाला हात लावू दिलेला नाही.

तुमची,
पूरवाल्या गल्लीतली ताई