प्रतिमेतले किती प्रकाशाने आणले?

संपादक महोदय,

प्रकाशशास्त्र, प्रतिमांकन आणि मशीन लर्निंग या विषयांवर पदव्युत्तर आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी भरलेल्या एका विज्ञान सप्ताहाला नुकतीच हजर राहिले. सकाळी व्याख्याने, दुपारी संगणकावर काम आणि शेवटच्या दिवशी भित्तिपत्रके. प्रकाशशास्त्राची प्रात्यक्षिके शिकवण्यात उमेदीची वर्षे गेलेल्या माझ्यासारखीला हा आठवडा म्हणजे मेजवानीच. तरीही एक गोष्ट मनाला लागून राहिली, म्हणून हे पत्र.

तिसऱ्या दिवशी एक विद्यार्थी सूक्ष्मदर्शकातून टिपलेली पेशीची प्रतिमा दाखवत होता. पेशीला इजा होऊ नये म्हणून उजेड अगदी कमी ठेवलेला, त्यामुळे मूळ प्रतिमा रवाळ होती. न्यूरल नेटवर्कमधून, म्हणजे उदाहरणे पाहून शिकणाऱ्या संगणक-प्रणालीतून, काढल्यावर ती लख्ख झाली. एका कडेला बारीकसा तंतू दिसत होता. मी विचारले, ‘हा तंतू मूळ प्रतिमेत आहे का?’ त्याने ती उघडली. तिथे नुसते ठिपके होते. तंतू आहे असेही म्हणता येईना, नाही असेही म्हणता येईना. मुलगा हुशार आणि प्रामाणिक. म्हणाला, ‘मॅडम, हे मला आजवर कोणी विचारलंच नाही.’

त्यात त्याचा काय दोष? भिंगांना एक दिवस, कॅमेऱ्यांना एक दिवस आणि उरलेले सगळे दिवस नेटवर्कला, अशी आखणी होती. हे तीन विषय एकमेकांना जिथे भिडतात, तिथला प्रश्न कोणाच्याच तासात आला नाही. समोरच्या प्रतिमेतले किती प्रकाशाने आणले आणि किती यंत्राने आपल्या शिकवणीतून भरले, हा तो प्रश्न.

प्रकाश सगळे आणत नाही, हे तर आम्ही पहिल्याच वर्षी शिकवतो. साध्या सूक्ष्मदर्शकात दृश्य प्रकाश वापरला, तर सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. ही मर्यादा एर्न्स्ट ॲबे यांनी १८७३ मध्ये मांडली. सेन्सर फक्त तीव्रता मोजतो, लहरीची फेज, म्हणजे लहर चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते, मोजणीतच हरवते. शिवाय प्रकाश फोटॉनच्या, म्हणजे सुट्या कणांच्या, रूपाने येतो; एका पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन पडत असतील, तर मोजणी दहाएकाने खालीवर होणारच. तिथे यंत्र कितीही महाग घेतले तरी उपयोग नाही. ॲबे यांची मर्यादा ओलांडणाऱ्या एरिक बेट्झिग, श्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर यांना २०१४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. नमुन्यातले चमकणारे रेणू हवे तेव्हा उजळवायचे, हवे तेव्हा विझवायचे, हा त्यांच्या पद्धतींचा गाभा. म्हणजे त्यांनी प्रकाशाकडूनच जास्तीची माहिती मिळवली.

नेटवर्कची रीत वेगळी. हजारो प्रतिमा पाहून ते शिकलेले असते की पेशी साधारण अशी दिसते, आणि जिथे मोजमाप अपुरे पडते तिथे त्या साधारणपणाचे ठिगळ लावते. पुष्कळदा ते बेमालूम बसते. एमआरआयमध्ये कमी मोजमापांवर भागवून रुग्णाचा यंत्रातला वेळ वाचवता येतो. ज्याला वेदनेमुळे निश्चल पडून राहता येत नाही, त्याला विचारा त्याची किंमत. म्हणून या तंत्राला माझा विरोध मुळीच नाही. पण रोग हाच मुळी साधारणपणाला पडलेला अपवाद. एमआरआय आणि सीटी प्रतिमांची पुनर्रचना करणाऱ्या नेटवर्कवरचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आत जाणाऱ्या माहितीत नजरेलाही न कळणारा बदल केला तरी प्रतिमेत ठळक दोष उमटू शकतात आणि लहानशी गाठ पुसली जाऊ शकते, असे त्यात दिसले.

मग करायचे काय? याचा वस्तुपाठ कृष्णविवराच्या प्रतिमेत आहे, आणि आठवड्याचे दोन दिवस त्याला दिले असते तरी वेळ कारणी लागला असता. एप्रिल २०१७ मध्ये जगभरच्या सात रेडिओ दुर्बिणींनी एम ८७ दीर्घिकेच्या केंद्रातले कृष्णविवर पाहिले. प्रतिमा जाहीर झाली १० एप्रिल २०१९ ला. दुर्बिणी मोजक्या असल्यामुळे मोजमापांत मोठी भगदाडे होती आणि त्याच मोजमापांत अनेक चित्रे बसू शकत होती. त्यामुळे प्रतिमा तयार करायला चार चमू नेमले आणि त्यांनी एकमेकांशी त्याबद्दल अक्षर न बोलता काम केले. चारही चमूंना कृष्णविवराभोवती प्रकाशाचे गोल कडे दिसले. तरी ते तिथे थांबले नाहीत. कडे नसलेल्या आकारांची, भरीव तबकडीची, दोन वेगवेगळ्या ठिपक्यांची कृत्रिम मोजमापे बनवून ती त्याच पद्धतींना दिली. आपली पद्धत नसलेले कडे तर काढत नाही ना, हे पाहण्यासाठी! ही एक तपासणी विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडली, तर आठवड्याचे सार्थक झाले असे मी म्हणेन.

हबल दुर्बिणीची गोष्टही सांगायला हवी होती. १९९० मध्ये ती अवकाशात गेल्यावर कळले, की मुख्य आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रॉनने जास्त सपाट घासला गेला आहे. गणिताने प्रतिमा पुष्कळ सावरल्या, तेजस्वी ताऱ्यांच्या बाबतीत तर उत्तम. पण अंधुक वस्तूंचा पसरून गेलेला प्रकाश काही परत आणता येईना. त्यासाठी डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनाच वर जाऊन चूक सुधारणारे आरसे बसवावे लागले.

आयोजकांना माझी विनंती एवढीच. पहिला दिवस अंधाऱ्या खोलीत जाऊ द्या. प्रत्येकाने लेझर, दोन भिंगे आणि एक फट घेऊन स्वतःच्या हाताने विवर्तनाचे, म्हणजे फटीतून जाताना प्रकाश पसरल्याने उमटणारे, पट्टे मिळवावेत, टेबलाला धक्का लागला की ते कसे विसकटतात ते पाहावे, आणि स्वतः टिपलेला तो कच्चा डेटाच पुढचे सगळे दिवस वापरावा. आयती मिळालेली प्रतिमा कुठे खोटे बोलते आहे, हे तिच्याकडे पाहून कळत नाही. भित्तिपत्रकावर सुधारलेल्या प्रतिमेशेजारी मूळ प्रतिमा तेवढ्याच आकारात लावण्याचा नियम करावा. कच्च्या फाइली पुसायच्या नाहीत हेही पहिल्याच दिवशी बजावावे. त्या विद्यार्थ्याने मूळ प्रतिमा जपून ठेवली होती म्हणून आमचे बोलणे तरी होऊ शकले.

पुढच्या सप्ताहाची आखणी करणाऱ्यांपर्यंत हे पोहोचावे, यासाठी पत्राला जागा द्यावी. अंधाऱ्या खोलीतला तो पहिला दिवस कोणी घ्यायचा हा प्रश्न असेल, तर मी यायला तयार आहे.

आपली,
प्रकाशशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका