सकाळची भूक प्रत्येकाची वेगळी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सगळ्या घराने सकाळी एकत्र बसून, एकाच वेळी, एकच न्याहारी करावी, असा सल्ला हल्ली वरचेवर वाचायला मिळतो. सहा माणसांचं घर सांभाळणारी बाई म्हणून मला तो पटत नाही.

सासऱ्यांना थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यावी लागते. त्यानंतर अर्धा ते एक तास दूध, कॉफी, खाणं सगळं बंद, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. सासूबाईंचं नेमकं उलट. न्याहारीआधीचं इन्सुलिन टोचल्यावर त्यांचं खाणं लांबलं तर साखर घसरते. या दोघांना एका वेळी जेवायला बसवायचं तरी कसं?

मोठी मुलगी सोळा वर्षांची. या वयात मेलाटोनिन हे झोप आणणारं संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागतं आणि झोपेचं सगळं चक्रच पुढे सरकतं. पहाटे उठवलेल्या मुलीला घास उतरत नाही, याला नखरे म्हणणं अन्याय आहे. ती डबा नेते आणि मधल्या सुट्टीत पोटभर खाते.

यजमानांना कोबीच्या जातीच्या भाज्या कडू लागतात, मला नाही. 1931 साली आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एक भुकटी हवेत उडाली. सहकाऱ्याला ती कडू लागली, फॉक्सना मात्र काहीच चव आली नाही. हा फरक बराचसा जनुकांमुळे पडतो, हे पुढे सिद्ध झालं. मग आवडीनिवडीवरून माणसाला लाडावलेला का ठरवायचं?

धाकटा चार वर्षांचा आहे. नवा पदार्थ दिसला की तोंड फिरवतो. दोन ते सहा या वयात बहुतेक मुलं असंच करतात. तोच पदार्थ आठ-दहा, कधी पंधरा वेळाही समोर यावा लागतो, तेव्हा कुठे मूल तो चाखून बघतं. बळजबरी केली की नावड आणखी पक्की होते. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांचं सूत्र मला फार मोलाचं वाटतं: काय, केव्हा आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवावं, खायचं का आणि किती, हे मुलाने. ते पाळायला लागल्यापासून आमच्याकडची सकाळची रडारड थांबली.

याचा अर्थ घरातल्या बाईने चार चुली पेटवाव्यात असा मुळीच नाही. मी एकच पदार्थ करते, तोही बेताच्या तिखटाचा. भाजी वेगळी ठेवते, ज्याने त्याने हवी तेवढी घ्यावी. ज्याला तो पदार्थच नको, त्याने फळ घ्यावं किंवा स्वतः अंडं उकडून घ्यावं. यजमानही घेतात.

आपल्या आरोग्य पुरवणीत कोणतं औषध खाण्याआधी आणि कोणतं खाण्यानंतर घ्यायचं, याची माहिती डॉक्टरांकडून तपासून मोठ्या अक्षरांत छापावी, ही विनंती. वयस्कर वाचकांना ती कापून स्वयंपाकघरात लावता येईल.

आपली,
एक गृहिणी