शुगर लपवू नकोस, विनू

नागपूर
१९ ऑक्टोबर

प्रिय विनू,

तुझं पत्र आणि शुगरचे रिपोर्ट पाहिले, आणि खाली तू लिहिलेली ओळही वाचली: 'घरी कुणाला सांगितलं नाही, तूही बोलू नकोस.' मी बोलणार नाही. पण वहिनींना तू स्वतः सांग, आणि याच आठवड्यात सांग.

डॉक्टरांनी तुला मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड दिलंय, दोन्ही शुगर उतरवणाऱ्या गोळ्या. मेटफॉर्मिन जेवणासोबत घे. सुरुवातीला पोट कुरकुरेल, मग बहुतेकांचं बसतं. ग्लिमेपिराइडची गोष्ट वेगळी आहे. गोळी पोटात आणि जेवण राहिलं, की शुगर फार खाली येऊ शकते. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, माणूस उगाच चिडतो. मीटरवर सत्तरच्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. कमीच असेल तर तेवढीच परत घ्यायची, आणि सावरल्यावर काहीतरी खाऊन घ्यायचं. अशा वेळी संत्रा बर्फी कामाची नाही बरं का, त्यातल्या तुपा-खव्यामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. शुद्ध गेली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. आता मला सांग, यातलं घरात कुणालाच ठाऊक नसेल तर? तुला डुलकी लागली समजून वहिनी अंगावर पांघरूण घालतील.

आणि लाज कसली रे? आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, त्यात देशात मधुमेह असलेल्यांचा आकडा १० कोटींच्या वर आहे. तुझ्या ऑफिसात प्रत्येक मजल्यावर सापडतील, तुझ्यासारखेच गप्प बसलेले.

आमच्याकडे महिन्यातून एका रविवारी वस्तीतल्या समाजभवनात शुगरवाले जमतात. कधी एखादे डॉक्टर येऊन बोलून जातात, पण खऱ्या कारभारीण म्हणजे निवृत्त झालेल्या एक सिस्टर. त्या भाषण देत नाहीत. 'काल काय खाल्लं? खरं सांगा,' इथून सुरुवात. दवाखान्यात पाच मिनिटांत डॉक्टर 'गोड बंद, भात कमी, चालायला जा' एवढं सांगतात, त्यात त्यांचाही इलाज नसतो, बाहेर रांग असते. पण भात कमी म्हणजे किती, आणि तर्री पोह्याचं काय, हे विचारायला जागा लागतेच ना.

तर्री पोह्याचंच ऐक. आमच्यात एक ऑटोवाला आहे, सकाळची पहिली सवारी सोडली की पोहे ठरलेले. सिस्टरनी बंद करा म्हटलं नाही. म्हणाल्या, खायच्या आधी शुगर बघ आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी बघ. भरलेली प्लेट आणि गोड चहा झाला त्या दिवशी नव्वदने वर गेली. दुसऱ्या दिवशी अर्धे पोहे, तर्रीतले चणे जास्त आणि बिनसाखरेचा चहा घेतला, तर पन्नासही वाढली नाही. 'हे त मले कोनी सांगितलंच नाही,' म्हणाला. खरं तर त्याला त्याच्याच मीटरने सांगितलं. तुझे आकडे वेगळे येतील, म्हणून तू तुझ्या ताटावर करून बघ. मीटरच्या पट्ट्या महाग असतात, त्यामुळे उगाच कधीही टोचून घेण्यापेक्षा अशी आधी-नंतरची जोडी कर. एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, कोणत्या जेवणाने घात केला ते नाही.

इन्सुलिनची तू धास्ती घेतलीयस, ते पत्रभर दिसतं. 'इन्सुलिन लागलं म्हणजे संपलं' हे आपल्याकडचं जुनं पालुपद. जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या मधुमेह झालेल्या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं, त्याआधी अशी मुलं उपासमारीच्या आहारावर दिवस मोजायची. ते शोधणाऱ्या बँटिंगचा वाढदिवस १४ नोव्हेंबर, म्हणून जागतिक मधुमेह दिन त्या दिवशी.

खरी अडचण टोचण्याच्या रीतीत असते. आमच्या नागपुरातल्या महाल भागातल्या एक आजी इन्सुलिन वाढवून वाढवून थकल्या, शुगर काही हलेना. सिस्टरनी त्यांना आडोशाला नेऊन पोट चाचपलं, तर बेंबीच्या उजवीकडे सुपारीएवढी गाठ. 'तिथं दुखत नाही बाप्पा, म्हणून तिथंच टोचून राहिली.' रोज एकाच जागी टोचलं की तिथली चरबी गाठाळते, दुखत नाही हे खरं, पण औषध नीट मुरत नाही. जागा बदलायला सांगितली, आणि तेच औषध आता जास्त लागू पडेल म्हणून डोस तपासून घ्यायला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, तर इन्सुलिनचा वेगळाच जाच. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, फ्रीजरमध्ये कधीच नाही. ज्यांच्याकडे फ्रिज नाही ते पाण्याने ओल्या ठेवलेल्या माठाचा आधार घेतात.

पायांचं लिहायचं राहत होतं. देवळाच्या तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालून तळव्याला फोड आलेला आणि संध्याकाळी मोज्यावर डाग दिसेपर्यंत पत्ताच नसलेला एक जण आमच्यात आहे. नसा बधिर झाल्या की असंच होतं. रोज रात्री तळवे बघ, दिसत नसतील तर आरसा धर. बाहुली मोठी करून डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन, या दोन तपासण्या आत्ताच करून घे आणि पुढे दरवर्षी. डॉक्टर विसरले तर तू मागून घे. कारल्याच्या रसाने गोळ्या सुटतात असं सांगणारे मेसेज तुला आता रोज येतील. कारलं भाजीत खा, गोळी सोडू नकोस.

डिसेंबरात अधिवेशनाची गर्दी असते, तरी ये. तिकीट असं काढ की रविवार मिळेल, सिस्टरसमोर तुला बसवतो. संत्री आलेली असतील, सोलून एक खायला हरकत नाही, रस मात्र मिळणार नाही. मीटर सोबत आण आणि वहिनींनाही आण.

तुझा,
दिगू

ता. क. लघवीचा रिपोर्ट आला की फोटो पाठव.